मनोऱ्यांची जागा आधी सांगा

महोदय,
ऐन गोडी छाटणीच्या (फळे धरण्यासाठीच्या छाटणीच्या) दिवसांत आमच्या द्राक्षबागेत मोजणीची माणसे आली आणि मांडवाखाली लाल खुंट्या ठोकून गेली. उंच मनोऱ्यांवरची अतिउच्चदाब वीजवाहिनी इथून जाणार, हे तेव्हा कळले. वीज आम्हालाही हवीच. रात्री-अपरात्री पंपावर जाणे कोणाला आवडते? दिवसा वीज देणारा सौर प्रकल्प लवकर उभा राहतो, ती वीज आणणाऱ्या वाहिनीला आणि वीज उपकेंद्राला मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून राज्याने पुढील दहा वर्षांचे वाहिन्यांचे मार्ग आणि उपकेंद्रांची क्षमता आताच नकाशावर मांडून ग्रामसभेपुढे ठेवावी. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीला तिच्या किमतीच्या दुप्पट, तारांखालच्या पट्ट्याला किमतीच्या 30 टक्के मोबदला आहे. तो खुंटी ठोकण्याआधी हातात पडावा.

– एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)