कैवारी कोणाचा आणि प्रायश्चित्त कोणासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताच्या व्याप्तीविषयी, म्हणजे तो सर्व माणसांसाठी मेला की केवळ देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठी याविषयी, आलेला लेख वाचला. विषय अवघड असूनही लेखकाने तो सोप्या भाषेत मांडला आहे, याबद्दल त्यांचे आभार. मात्र लेखात एक विधान चुकीचे आहे आणि या वादाचा अर्धा भाग लेखात आलेलाच नाही, म्हणून हे पत्र.

चुकीचे विधान असे की, डॉर्टच्या धर्मसभेने ख्रिस्ताचे रक्त सर्वांना पुरणारे नाही असे ठरवले. नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या, कॅल्व्हिनपंथी (रिफॉर्म्ड) मंडळ्यांच्या या सभेने नेमके उलटे लिहून ठेवले आहे. देवपुत्राच्या मरणाचे मोल अपार आहे, सगळ्या जगाच्या पापांच्या क्षालनासाठी ते पुरून उरेल आणि ज्यांचा नाश होतो त्यांचा तो बलिदानातील उणिवेमुळे होत नाही, हे तिच्या ठरावांत स्पष्ट आहे. १६१० साली ज्यांनी आपले पाच मुद्दे मांडले त्या, विरुद्ध पक्षातील, डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनीही, ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला असे म्हणतानाच, क्षमेचा लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच होतो हे मान्य केले होते. म्हणजे रक्ताचे मोल आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ या दोन्ही बाबतींत दोन्ही पक्ष पुष्कळसे एकाच ठिकाणी उभे आहेत. वाद आहे तो हेतूचा: वधस्तंभावर जाताना ख्रिस्ताच्या मनात कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मध्यस्थी, म्हणजे ख्रिस्ताने पित्याजवळ माणसांसाठी केलेली विनंती, वगळून चालत नाही, आणि लेखात नेमकी तीच वगळली गेली आहे. ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला असे मानणाऱ्या, सतराव्या शतकातील इंग्रज प्युरिटन (प्रॉटेस्टंटांमधील एक कडवा पंथ) धर्मशास्त्रज्ञ जॉन ओवेन याने आपला सगळा युक्तिवाद याच खुंटीला टांगला होता. बळी अर्पण करणारा आणि ते रक्त घेऊन पडद्याआड, परमपवित्रस्थानात, जाणारा याजक एकच असतो, तेव्हा ज्यांच्यासाठी अर्पण त्यांच्यासाठीच मध्यस्थी, असे तो म्हणतो. या म्हणण्याला आधार नाही असे नाही. बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात प्रमुख याजकाचा पोशाख वर्णिला आहे. त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेद आणि प्रत्येकावर सहा-सहा नावे कोरलेली; शिवाय छातीवरच्या ऊरपटात बारा रत्ने आणि त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे. याजक आत जाई तो ही नावे अंगावर वागवत, आणि त्यांत मिसर (इजिप्त) देशाचे नाव नव्हते. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाच्या शेवटीही ‘पुष्कळांचे पाप वाहणे’ आणि ‘अपराध्यांसाठी मध्यस्थी करणे’ या दोन गोष्टी एकाच दमात येतात.

यापुढे योहानाच्या सतराव्या अध्यायातील नववे वचन हमखास पुढे केले जाते: ‘मी जगासाठी विनंती करत नाही.’ ज्यांच्यासाठी तो प्रार्थनाही करत नाही त्यांच्यासाठी प्राण कसा देईल, असा सवाल त्यावरून केला जातो. सवाल बिनतोड वाटतो खरा. पण ती प्रार्थना नवव्या वचनाशी थांबत नाही. विसाव्या वचनात ती शिष्यांच्या शब्दावरून पुढे विश्वास ठेवणाऱ्यांपर्यंत जाते आणि एकविसाव्यात ‘जगाने विश्वास धरावा’ या हेतूपर्यंत पोचते. ज्या जगासाठी विनंती नाही असे वर म्हटले, तेच जग खाली प्रार्थनेच्या हेतूत येऊन बसले आहे. वधस्तंभावरून खिळे ठोकणाऱ्यांसाठी मागितलेली क्षमाही विसरता येत नाही, जरी लूकच्या काही प्राचीन हस्तलिखितांत ते वचन नाही.

माझ्या मते या वादाचा काटा योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या दोन वचनांत आहे. तेथे ख्रिस्त पित्याजवळ ‘आपला’ कैवारी आहे, आणि लगेच पुढे तो केवळ आपल्याच नव्हे तर ‘सर्व जगाच्या’ पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. कैवार विश्वासणाऱ्यांचा आणि प्रायश्चित्त सर्व जगाचे, अशी दोन वेगळ्या रुंदीची पदे प्रेषिताने शेजारी शेजारी ठेवली आहेत. ‘सर्व जग’ म्हणजे यहुद्यांबाहेरचेही निवडलेले लोक, असे उत्तर ओवेनच्या बाजूने दिले जाते. पण याच पत्राच्या पाचव्या अध्यायात सर्व जग त्या दुष्टाच्या (सैतानाच्या) सत्तेखाली आहे असे म्हटले आहे, आणि तेथे हा अर्थ लावून पाहावा. तो लागत नाही.

ओवेनच्या पक्षाचे दुसरे शस्त्र ऋणाचे आहे. कर्ज एकदा फिटल्यावर सावकार ते पुन्हा मागू शकत नाही. मग ज्याचे पाप ख्रिस्ताने फेडले तो नरकात कसा जाईल? उपमा पैशाच्या देण्याला चोख लागू पडते, शिक्षेला नाही. दुसऱ्याने भोगलेली शिक्षा माझ्या खात्यावर केव्हा आणि कोणत्या अटीवर धरायची, हे न्यायाधीश ठरवतो. निवडलेले लोकही विश्वास ठेवण्यापूर्वी ‘क्रोधाची प्रजा’ होते असे पौल इफिसकरांस लिहितो. देणे वधस्तंभावरच चुकते झाले असते तर तो क्रोध कशाबद्दल होता? लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातील प्रायश्चित्ताचा दिवस पाहिला तर तेथेही हेच दिसते. बकरा सगळ्या मंडळीसाठी असे आणि दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर सगळ्या इस्राएलाचे अपराध कबूल केले जात. तरीही तेविसाव्या अध्यायाप्रमाणे त्या दिवशी जो स्वतःला नम्र करणार नाही त्याचा आपल्या लोकांतून उच्छेद होई. त्याच्यासाठीही बळी पडलेला होता.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. लेखात पुत्र संतापलेल्या पित्याची मनधरणी करतो असे चित्र आले आहे, आणि आपला ‘मध्यस्थी’ हा शब्दच त्याला थोडा कारणीभूत असावा; भांडणाऱ्या दोघांमध्ये पडून तडजोड करणारा तिसरा माणूस त्यातून डोळ्यांपुढे येतो. परंतु इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात इतर याजक दररोज उभे राहून सेवा करतात, आणि ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला आहे; म्हणजे मनधरणी करायची बाकी उरलेली नाही. शिवाय ज्याची मनधरणी करावी लागते असे चित्र रंगवले आहे, त्या पित्याने आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मध्यस्थीच्या उल्लेखाच्या दोनच वचने आधी म्हटले आहे.

डॉर्टविषयीच्या विधानाची दुरुस्ती आपण पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक