तालमीशेजारी एक भिंतही हवी

महोदय,

वयाच्या ५१ व्या वर्षी मी भिंत चढायला शिकतोय. पुण्याला मुलीकडे गेलो की तिच्याबरोबर क्लाइंबिंगच्या हॉलमध्ये जातो. पहिल्या दिवशी नुसत्या हातांच्या जोरावर झटापट केली आणि तिसऱ्याच पकडीवरून बोटं सुटून थेट गादीवर आलो. शेजारची शाळकरी पोरगी म्हणाली, "काका, हात सरळ ठेवा, पायानं ढकला." तेच खरं. बूट मात्र इतके घट्ट, की जन्मभर चप्पल घातलेल्या पायांनी बंडच पुकारलं! पण अंगठ्याच्या टोकावर उभं राहायला तो घट्टपणाच लागतो.

बोल्डरिंग या प्रकारात दोर नसतो. भिंत साधारण चार-साडेचार मीटर उंच, खाली जाड गाद्या. तालमीत तांबड्या मातीनं हात माखतात, इथं घामानं पकड सुटू नये म्हणून लावायच्या पांढऱ्या पुडीनं. टोकियो ऑलिंपिकपासून (२०२१) क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्येही आहे. पॅरिस ऑलिंपिकला (२०२४) वेगानं चढण्याच्या प्रकारात १५ मीटरची भिंत पुरुषांच्या विजेत्यानं पाच सेकंदांच्या आत सर केली.

आपल्याकडे पावसाळ्यात पन्हाळ्याचे कातळ शेवाळतात, तेव्हा पोरांनी चढायचं कुठं? महापालिकेनं उंच छताच्या एखाद्या पडीक हॉलमध्ये अशी भिंत उभारावी. पैसे वाचवायचे तर रंगरंगोटीत वाचवा, गाद्यांत नको. आणि पडायचं कसं, हे आधी शिकवणारा प्रशिक्षक नेमा. मी अजून पाठीवरच पडतो.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर