ओठातली तबकडी कोन्सोंची नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कोन्सो शेतकऱ्यांवरचा लेख वाचला. चार दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही. लेख कोन्सोंवर आणि फोटो ओठात मातीची तबकडी घातलेल्या बाईचा! ती मुर्सी जमातीची, इथियोपियातल्याच ओमो नदीच्या खोऱ्यातली. कोन्सो दक्षिण इथियोपियाच्या डोंगरांवर राहतात. त्यांच्यात असल्या तबकड्या घालत नाहीत. उद्या मंगळवेढ्याच्या ज्वारीवर लेख आला की सोबत दल सरोवरातला शिकारा छापा. दोन्ही भारतातच आहेत, हरकत कोण घेणार?

फोटोचं एक वेळ सोडतो. पण 'या भाबड्या लोकांना शास्त्रशुद्ध शेती शिकवणे ही काळाची गरज आहे' हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण हा शहाणपणा मी स्वतः तिथे जाऊन पाजळून आलो आहे.

मी काही वर्षं दक्षिण इथियोपियातल्या अर्बा मिंच या शहरात पाटबंधारे शिकवत होतो. त्या काळात तिथे आम्ही भारतीय मास्तर बरेच होतो. कोन्सो तिथून फार लांब नाही. एका विद्यार्थ्याने सुट्टीत मला घरी नेलं. त्याच्या आजोबांचं शेत म्हणजे सगळा उतार दगडी ताली रचून पायऱ्यापायऱ्यांचा केलेला. काही ताली माझ्या डोक्याहून उंच, सगळी कोरडी रचाई, चुन्याचा कण नाही. मी इंजिनिअर, गप्प कसा बसणार! म्हटलं, दगडांमधल्या फटींत सिमेंट भरा, दर पावसानंतर निसटलेले दगड लावायचा व्याप वाचेल. पोराने आजोबांना काय सांगितलं कोण जाणे, म्हातारा खो खो हसला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. त्याने माझं मनगट धरलं आणि बोटं तालीच्या तळच्या दोन दगडांच्या फटीत घातली. आतून गार पाणी झिरपत होतं. फट बुजवली तर पाणी मागे तुंबणार, भिंत पोट काढणार आणि एका रात्रीत बसणार. हेच मी दर वर्षी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो आणि पगारही त्याचाच घेत होतो!

या ताली आणि तटबंदीची गावं मिळून ५५ चौरस किलोमीटरचा परिसर युनेस्कोने २०११ साली जागतिक वारशात घेतला. चारशेहून अधिक वर्षांची, एकवीस पिढ्यांची परंपरा. आपल्या लेखकाला हे सापडलं नाही, तबकडी मात्र सापडली. गुरं घरी बांधून चारा कापून घालायचा, शेण डोक्यावरून शेतात न्यायचं, ज्वारीची धाटं आडवी टाकून वाफ्यात पाणी जिरवायचं, यातलं काय शिकवायला जाणार आहात? जेवायला ज्वारीचे उकडलेले उंडे आणि शेवग्याचा पाला होता. त्यांचा शेवगा वेगळ्या जातीचा, पाला खाण्यासाठी दारोदार लावलेला. आपल्यातले बरेच जण शेंगा चोखतात आणि पाला फेकतात, भाबडे कोण ते ठरवा.

लेखातलं 'झाडांची पूजा करणारे' हेही असंच. त्यांचा देव वाक, आभाळातला, पाऊस देणारा. कुळाचा मुख्य तो पोकल्ला. त्याच्या राईत कुऱ्हाड चालत नाही, आणि त्याच्या घराण्याचं दफनही तिथेच होतं. आपल्याकडे याला देवराई म्हणतात आणि त्यावर पुरवणीचं अख्खं पान निघतं, तेव्हा कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही. बरं, आता तिथे ख्रिस्तीही खूप आहेत. त्या पोराची आई रविवारी चर्चला गेली आणि आजोबा पेरणीआधी पोकल्ल्याकडे आशीर्वादाला जाऊन आले होते. घरात भांडण नव्हतं. भांडण झालं ते मी चेका (ज्वारीची आंबवलेली पेज म्हणा, नशा चढते) भोपळ्याच्या भांड्यात अर्धा सोडला म्हणून.

गरज विचारता, तर पाऊस. २०२० नंतर सलग हंगाम हुकले, तेव्हा हेच पोर, आता स्वतः शिक्षक, फोनवर म्हणत होतं, सर, ताली जागेवर आहेत, अडवायला पाणी नाही. कोन्सोत तेव्हा बाहेरून धान्य न्यावं लागलं. शिवाय डोंगरावर माणसं वाढली, जमीन तेवढीच, तरुण कामासाठी गाव सोडतात आणि निसटलेला दगड लावायला म्हातारे उरतात. लेखात यावर एक ओळ नाही.

माझ्या मागच्या पत्रातली मधली चार वाक्यं आपण कापली होती. हे कापायचंच असेल तर चेक्याचं कापा, सिमेंटचं ठेवा. आणि मंगळवारच्या शब्दकोड्यात आडवा १४ आणि उभा ९ जुळत नाहीत. घरात दोन दिवस वाद चालू आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर
(नाव छापू नये)