भेंडाची मोरी

पिटकेर्न ते ईस्टर बेट, प्रशांत महासागर
दि. 19 फेब्रुवारी

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

ताहितीतल्या पापीतेच्या बंदरात असताना तुझा लांबलचक संदेश मिळाला. ‘बाबा, फोनवर तुम्ही “जेवलीस का” आणि “आजीचे गुडघे कसे आहेत” यापलीकडे जात नाही. तिथे नेमके काय असते ते एकदा नीट कळवा, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या मुलाखतीला जायचे की नाही हे मला ठरवता येईल,’ असे तू लिहिले आहेस. तक्रार खरी आहे. मी फोन करतो तेव्हा इंटरनेट पैसे मोजून घेतलेले असते आणि वरच्या बंकवर सोबती झोपलेला असतो, त्यामुळे कुजबुजत जेवढे बोलता येईल तेवढेच बोलणे होते. म्हणून आज ड्युटी संपल्यावर स्टोअरमधून कागद मागून घेतला आणि लिहायला बसलो. ईस्टर बेट अजून दीड दिवसावर आहे.

काल आम्ही पिटकेर्नला होतो. ब्रिटनच्या अखत्यारीतले हे बेट जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे असून त्यावर पन्नासहून कमी माणसे राहतात. विमानतळ नाही, मोठी बोट लागेल असे बंदर नाही. आमच्या बोटीवर साडेसहाशे प्रवासी आणि चारशे कामगार आहेत, म्हणजे आमच्या जेवणघराच्या एका कोपऱ्यात ते अख्खे गाव बसेल. मी पिटकेर्नला गेलो ती ही चौथी वेळ. आणि आता तुला खरे सांगायचे तर पिटकेर्नच्या जमिनीवर मी अजून एकदाही पाऊल ठेवलेले नाही.

त्याचे कारण असे की तिथे आम्ही उतरत नाही, बेटच आमच्याकडे येते. पाणी खोल आणि लाट मोठी असल्यामुळे बोट नांगर टाकत नाही. इंजिन चालू ठेवून वाऱ्याच्या आडोशाला तरंगत राहते. मग बाउंटी बे नावाच्या त्यांच्या खाचेतून अॅल्युमिनियमची एक लांब होडी बाहेर पडते आणि तीत गावातली निम्मीअधिक माणसे पेट्या, पिशव्या आणि गठडी घेऊन बसलेली असतात. आमच्या बोटीच्या कुशीत पाण्याच्या थोडे वर एक लोखंडी दार उघडते, तिथून लाकडी पायऱ्यांची दोरशिडी खाली सोडतात आणि माझी जागा त्या दारात असते. खाली होडी दीड-दोन मीटर वर येते आणि तितकीच खाली जाते. काल सर्वांत आधी चढल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. मी हात पुढे केला, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. त्या पाण्याकडे पाहत होत्या. दोन लाटा त्यांनी जाऊ दिल्या, तिसरी माथ्यावर आली त्या क्षणी त्यांचा पाय पायरीवर होता आणि होडी खाली जाईपर्यंत त्या दारात पोचल्याही होत्या. माझ्या हातात त्यांनी हात दिला नाही, खांद्यावरची पेटी तेवढी दिली. ‘लाट माथ्यार इली की पाय टाकूचो’ हे आपल्या आबांचे वाक्य मला त्या वेळी आठवले. चाळीस वर्षे तांडेलकी केलेल्या माणसाला त्या बाई फार आवडल्या असत्या.

या माणसांचे पूर्वज इथे कसे आले ते तुला सांगितले पाहिजे, कारण गोष्ट नीरफणसापासून सुरू होते. आजी तांदळाचे पीठ लावून ज्याची कापे तव्यावर भाजते, तोच तो नीरफणस. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालण्यासाठी ताहितीहून त्याची रोपे न्यायची, या कामावर ब्रिटिशांनी बाउंटी नावाचे जहाज धाडले होते. 28 एप्रिल 1789 रोजी त्या जहाजावर बंड झाले. कप्तान विल्यम ब्लाय आणि त्याच्या बाजूची अठरा माणसे यांना बंडखोरांनी 23 फुटांच्या एका उघड्या होडीत बसवून सोडून दिले. फ्लेचर क्रिश्चनसह नऊ बंडखोर, सहा ताहितीयन पुरुष आणि डझनभर बायका मिळून पुढे पिटकेर्नला आली आणि माग राहू नये म्हणून जानेवारी 1790 मध्ये त्यांनी जहाज जाळून टाकले. पुढची काही वर्षे आपापसातल्या मारामाऱ्यांत गेली. 1808 साली एक अमेरिकन जहाज तिथे आले तेव्हा बंडखोरांपैकी जॉन अॅडम्स हा एकटाच जिवंत होता, बाकी सगळी बायकामुले. क्रिश्चन हे आडनाव मात्र त्या बेटावर अजून आहे.

प्रवाशांना बंडखोरांची बाजू आवडते. मला स्वतःला त्या 23 फुटांच्या होडीचे अधिक वाटते. आपल्या बंदरावरची लहान मचवी तू पाहिली आहेस. तीत एकोणीस माणसे, काठ पाण्याला टेकलेला, नकाशा नाही, आणि तशा स्थितीत ब्लायने साडेसहा हजार किलोमीटर कापून सत्तेचाळीस दिवसांनी तिमोर गाठले. वाटेतल्या एका बेटावर एक माणूस मारला गेला, बाकी सगळे त्याने जिवंत नेले. स्वभावाने तो तापट असेल, पण होडी हाकावी तर अशी.

वर आल्यावर पिटकेर्नची मंडळी पोहण्याच्या तलावाभोवती टेबले मांडतात आणि तीन-चार तास बाजार भरतो. मध, टी-शर्ट, टपाल तिकिटे आणि लाकडी कोरीवकाम अशा वस्तू असतात. तिकिटे हा त्यांच्या उत्पन्नाचा जुना मार्ग आहे. ड्युटी बदलल्यावर मीही गेलो आणि त्या बाईंच्या टेबलावरून लाकडाचा एक शार्क, म्हणजे आपली मोरी, 30 डॉलरला घेतली. लाकूड तपकिरी, लालसर झाक असलेले आणि हाताला जड आहे. ‘मिरो,’ असे त्या म्हणाल्या. पिटकेर्नवर ते आता फारसे मिळत नाही. जवळजवळ दोनशे किलोमीटरवरच्या हेंडरसन नावाच्या निर्जन बेटावर जाऊन ते तोडून आणावे लागते. मला ते लाकूड ओळखीचे वाटत होते, पण कुठले ते लक्षात येईना. शेवटी आमच्या बोटीवर व्याख्याने देणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारले. त्यांनी मोबाइलवर फूल दाखवले: पिवळे, आत गडद लाल ठिपका असलेले आणि संध्याकाळपर्यंत लाल पडणारे. मधुरा, तो आपला भेंड आहे! परसातला, ज्याच्या पानांच्या पिपाण्या करून तू आणि बंटी आजीची दुपारची झोप मोडत होता, तोच.

हेंडरसनवर माणूस राहत नाही, तरी तिथला किनारा प्लॅस्टिकने भरलेला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथे अंदाजे 3.77 कोटी तुकडे असल्याचे म्हटले होते. प्रवाह जगभरचा कचरा तिथे आणून टाकतात. आमच्या बोटीवर एक कपटाही पाण्यात जाऊ देत नाहीत. कचरा वेगळा करण्यासाठी खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली आहे आणि उरलेले अन्नदेखील बारीक दळून, किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर गेल्यावरच सोडतात. तू या बोटीवर आलीस तर किचनमधला पहिला आठवडा कोणती वस्तू कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायची हे पाठ करण्यातच जाईल.

किचनचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या अभ्यासातले सांगतो. पापीतेला भाजी भरली की चिलीच्या किनाऱ्यापर्यंत भरवशाचे दुसरे ठिकाण नाही. म्हणून शेफ पहिले तीन दिवस कोवळी पाने संपवतात, मग टोमॅटो-काकडी, आणि शेवटी कोबी, गाजर, भोपळा आणि बीट यांनाच नटवून वाढतात. प्रवाशांना ते कळू न देणे हे खरे कसब. आमच्या मेसमध्ये भात दोन्ही वेळा असतो, कारण फिलिपिनो, इंडोनेशियन आणि आपण अशा सर्वांचे त्यावर एकमत आहे. आमटी मात्र रविवारी, वेंगुर्ल्याचा एक स्वयंपाकी ड्युटीवर असला तरच.

केबिन दोघांत एक, पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नाही. दिवस उजाडला हे घड्याळावरून समजायचे, आणि या प्रवासात घड्याळावरही भरवसा नाही. पापीतेहून निघालो तेव्हा आम्ही तुमच्या साडेपंधरा तास मागे होतो, ईस्टरला पोचू तेव्हा साडेदहा तास मागे असू. मधले पाच तास आमच्याच झोपेतून जातात, कारण काटा पुढे सरकतो तो रात्री आणि प्रवासी उशिरा उठले तरी आमची सहाची ड्युटी सहालाच असते. नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे आणि तिची नोंद ठेवली पाहिजे. इथे ती मिळते. पूर्वी मी एका बोटीवर होतो तिथे नोंदवहीतली विश्रांती वेगळी आणि अंगाला मिळणारी वेगळी होती, आणि आम्ही सगळे मुकाट्याने सही करत होतो. तू तशी सही करू नयेस.

गेल्या महिन्यात मार्केसास बेटांतल्या नुकुहिवाला असताना ताइओहाएच्या धक्क्यावर आरानुई ही बोट लागली होती. ती प्रवासी आणि माल दोन्ही नेते. तिच्यातून सामान उतरत होते, त्याच जागी सुक्या खोबऱ्याच्या गोणी चढत होत्या, आणि धक्क्यावर माणसे आपापले सामान घ्यायला गाड्या घेऊन उभी होती. तिचे खलाशी त्याच बेटांवरचे, त्यामुळे एकजण मधेच उडी मारून कुणाच्या तरी पोराला उचलून घेऊन आला. मला हेवा वाटला. आमची बोट आली की बेटावर फुलांचे हार आणि ढोल तयार असतात, पण तिची वाट पाहतात तशी आमची पाहत नाहीत.

परवा ईस्टरला उतरता येईल की नाही हे तिथल्या हांगा रोआ गावासमोरची लाट ठरवील. मागच्या वर्षी कप्तानांनी दोन तास वाट पाहिली आणि बोट वळवली. आयुष्यभर पैसे साठवून आलेली एक बाई डेकवर रडत होती आणि तिला खुर्ची देण्यापलीकडे मला काही सुचले नाही. मला स्वतःला तिथे एकदाच चार तासांची सुट्टी मिळाली होती. तोंगारिकीचे पंधरा मोआई, म्हणजे दगडाचे प्रचंड पुतळे, मी तेव्हा पाहिले. 1960 च्या सुनामीने ते आत जमिनीवर फेकून दिले होते. पुढे जपानहून आणलेल्या क्रेनने उचलून ते पुन्हा उभे केले. आयुष्य दोर आणि कप्प्यांत गेल्यामुळे मी मूर्तींपेक्षा, तो दगड कुठून उचलला असेल, पट्टा कुठे बांधला असेल, हेच जास्त वेळ पाहत राहिलो. ते सगळे समुद्राकडे पाठ करून उभे आहेत.

आता एक गोष्ट, जी मी फोनवर कधी बोललो नाही. आबा गेले तेव्हा मी याच पाण्यात होतो, पिटकेर्न आणि ईस्टर यांच्या मधे. निरोप रात्री आला. कप्तानांनी मला ब्रिजवर, म्हणजे बोट हाकतात त्या खोलीत, बोलावून नकाशा दाखवला: पुढचा विमानतळ दोन दिवसांवर, तिथून चिलीला एक विमान, मग आणखी दोन. मुंबईला उतरून गाडी पकडून घरी येईपर्यंत सहावा दिवस उजाडणार होता. मी आलो नाही. तू त्या वेळी अकरावीत होतीस आणि दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाहीस, ते मी समजू शकतो. दूरची बेटे दूर असतात म्हणजे काय, ते मला त्या नकाशावर कळले. जाहिरातीत ज्या गोष्टीचे पैसे घेतात, तीच ही गोष्ट आहे.

मुलाखतीला जरूर जा. मात्र जाण्यापूर्वी दोन गोष्टी कर. एजंटकडे डी. जी. शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, खलाशी भरतीचा आर. पी. एस. एल. परवाना आहे का, ते त्यांच्या यादीत पाहून घे. आणि नोकरी लावून देण्यासाठी कुणी एक रुपया जरी मागितला तरी तिथून उठून ये, कारण खलाशाकडून असे पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. मी पहिल्या वेळी आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले होते आणि आठ महिने एका कार्यालयाच्या जिन्यावर बसून काढले होते. काम मिळाले तर पहिला करार सहा महिन्यांचाच कर. तुझा निर्णय काय होतो ते मला कळव. मी तुझ्या आईशी बोलेन.

या पानांचे फोटो चिलीहून पाठवीन. पिटकेर्नचा शिक्का असलेले एक कार्ड आजीच्या नावे टाकले आहे, ते महिनोन्‌महिने फिरत येईल, बहुधा मी घरी पोचल्यानंतर. दादाकाका कुंपणाची भिंत बांधण्यासाठी भेंड तोडायचा म्हणतात, असे आई म्हणाली. त्याच्या सावलीत बसून आबा जाळी विणत असत हे त्यांनाही ठाऊक आहे, तेव्हा तू भांडू नकोस, नुसते सांग की मी मे महिन्यात येतो आहे, तोवर थांबा. भिंत दोन हात अलीकडून घेता येईल आणि त्याचा खर्च मी देतो. एक सुकलेली फांदी मात्र उतरवून पडवीत ठेवायला सांग. मोरी शेजारी ठेवून मला लाकूड पाहायचे आहे.

आजीला व आईला नमस्कार, बंटीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा