शनिवारच्या भाताबद्दल

परभणी,
बुधवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू चिडतोस, मग माझाही आवाज चढतो. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. शनिवारची तीस माणसांची सुशीची ऑर्डर मिळाली याचा मला आनंद आहे, हे आधी लिहिते, कारण काल ते बोलायचं राहूनच गेलं. पप्पांनी तर सकाळी दूधवाल्यालाही सांगून टाकलं. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचे, समुद्री शेवाळात वळलेले रोल, हे त्याला समजावताना मात्र त्यांची पार दमछाक झाली.

तुला वाटतं मी माशाला घाबरते. माशाचं एकदाच सांगते आणि सोडून देते. कच्चा मासा अजिबात नको. जायकवाडी धरणातला, नाथसागरातला कटला कितीही फडफडता आणलास तरी गोड्या पाण्याच्या माशात कृमींच्या अळ्या असू शकतात, आणि ताजेपणाशी त्यांचा काही संबंध नसतो. समुद्रातला मासा कच्चा वाढायचा तर तो उणे २० अंशांवर सलग ७ दिवस ठेवावा लागतो, किंवा उणे ३५ वर गोठवून १५ तास. घरचा फ्रीझर कसाबसा उणे १८ गाठतो, आणि लाइट गेली की तेही नाही. व्हिनेगरनं किंवा वासाबीच्या त्या झणझणीत हिरव्या चटणीनं कृमी मरत नाहीत. उकडलेली कोळंबी घे, डब्यातला ट्यूना घे, क्रॅब स्टिक घे. नावात खेकडा असला तरी ती पांढऱ्या माशाच्या लगद्याची, आधीच शिजवलेली असते. झालं माशाचं.

माझा जीव अडकलाय तो भातात. सकाळी दहालाच सगळा भात लावून ठेवतो म्हणालास, आणि आपल्याकडच्या लोकांना आंबट भात आवडत नाही म्हणून व्हिनेगर निम्मं करतो म्हणालास. ही दोन्ही वाक्यं तू एका दमात बोललास, म्हणून मी ओरडले. वेगवेगळी बोलला असतास तर कदाचित कमी ओरडले असते.

माझ्या विषयातलं आहे, तेव्हा नीट सांगते. तांदळावर शेतातल्या मातीतून आलेले बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि ५ ते ६० अंशांच्या मधे वाढत राहतात. तिशी-पस्तिशीचं तापमान तर त्यांना फारच मानवतं, आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या तुझ्या स्वयंपाकघरात याहून कमी कधी असतं? वाढता वाढता ते एक विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्यानं जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. भाताला वास येत नाही, तो चिकट होत नाही, चवही बदलत नाही. म्हणून ‘खाऊन बघितला, चांगला लागला’ याला काही अर्थ नाही.

मग फ्रीजमध्ये ठेवावा, तर सुशीचा भात तिथं कडक होतो. शिजताना स्टार्च पाणी धरून मऊ झालेला असतो, तो थंडीत पुन्हा घट्ट होतो, आणि हे सगळ्यात लवकर फ्रीजच्याच तापमानाला होतं. रोल फोडला की दाणे कच्च्यासारखे टचटच लागतात. म्हणजे बाहेर ठेवला तर धोका, आत ठेवला तर वाया. यावर जपानी लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ते व्हिनेगर. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. भाताचा पीएच ४.६ च्या खाली गेला की या जिवाणूंची वाढ अडते. तू कमी करायला निघालास ते हेच. चव गोडसर हवी असेल तर साखर थोडी वाढव, व्हिनेगरला हात लावू नकोस.

बघ, झालं लेक्चर सुरू. हॉटेलात तू हे हातानं केलेलं आहेस आणि तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला माहीत आहे. पण तिथं एसी होता, भात लावणारा माणूस वेगळा होता, आणि भात संपला की लगेच दुसरा येत होता. इथं सगळं तू एकटा.

म्हणून हिशेब मांडून देते. अख्ख्या नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या कागदासारख्या पानाच्या, एका रोलला साधारण १५० ग्रॅम तयार भात लागतो आणि त्याचे ८ तुकडे पडतात. तीस माणसांना आठ-आठ धरले तर २४० तुकडे, म्हणजे ३० रोल, साडेचार किलो भात. एक किलो तांदळाचा सव्वादोन किलोच्या आसपास भात होतो, तेव्हा २ किलो तांदूळ पुरे. दोन्ही किलो एका पातेल्यात लावू नकोस. खालचा करपतो, मधला गिच्च होतो, वरचा कच्चा राहतो. एकेक किलो दोनदा लाव, मधे तासाभराचं अंतर ठेवून. म्हणजे दुसरा भात हाताशी येईपर्यंत पहिल्याचे रोल होत आलेले असतील.

तांदूळ आखूड दाण्याचा जपानीच हवा असं नाही, पण बासमती किंवा कोलम चालणार नाही, दाणे सुटे होतात आणि कापताना रोल सांडतो. जपानी परवडत नसेल तर इंद्रायणी घे, जुना. नवा फार चिकटतो. इंद्रायणी हलक्या हातानं धू, चोळलास तर कण्या होतात. चार-पाच पाणी काढ, वरचं पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा तास भिजवून पूर्ण निथळ. जपानी तांदळाला वाटीला सव्वा वाटी पाणी, इंद्रायणीला दीड. कुकरच्या शिट्ट्या नकोत. जाड बुडाचं पातेलं, वर वजनदार झाकण, उकळी आली की अगदी मंद आचेवर बारा-तेरा मिनिटं, मग गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. उघडायचं नाही म्हणजे नाही. लहानपणी आजीच्या खिचडीचं झाकण तू दर दोन मिनिटांनी उचलायचास आणि ती उलथन्यानं हातावर हलकेच मारायची. ती असती तर तुझ्या गिऱ्हाइकांना तिनं ‘हे थंड भाताचे उंडे विकत घेऊन खाता व्हय’ म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळ्यांच्या आधी तिनंच ताट पुढे केलं असतं.

पाणी बोअरचं वापरू नकोस. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्यानं भात पिवळट पडतो, आणि ते पाणी व्हिनेगरचा थोडा आंबटपणाही मारतं. जारचं पाणी आण.

एक किलो तांदळाला १५० मिली राइस व्हिनेगर, ७५ ग्रॅम साखर, २० ग्रॅम मीठ. साखर-मीठ विरघळण्यापुरतंच कोमट कर, उकळलंस तर आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो. किराणा दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं, ते नको. राइस व्हिनेगर मिळालं नाही तर अ‍ॅपल सायडर चालेल, बाटलीवर ४ ते ५ टक्के आम्लता लिहिलेली बघून घे. हे भातावर टाकायचं ते भात वाफाळता असताना. निवला की दाणा पितच नाही, मग तळाशी पाणी साचतं आणि वरचा भात आळणी राहतो. उलथनं आडवं धरून भात कापल्यासारखा उलटापालटा कर, घोटू नकोस. एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घाल. वारा भात थंड करायला कमी आणि वरचं पाणी उडवून चकाकी आणायला जास्त.

हे करायला पितळी परात घेऊ नकोस, व्हिनेगरनं भात कळकेल. जपानात याला लाकडी पसरट टब असतो, लाकूड जास्तीचं पाणी ओढून घेतं. आजीची काठवट माळ्यावरून काढून ठेवली आहे. तिच्या शेजारी बसून त्याच काठवटीत तू पिठाचे साप करायचास. शुक्रवारी आत्याच्या गाडीत ती पाठवते. कडकडीत पाण्यानं घास, उन्हात पूर्ण वाळव, आणि भात ओतायच्या आधी आतून ओली करून पुसून घे, नाहीतर भात चिकटतो आणि व्हिनेगर लाकूडच पितं. काठवटीला चीर दिसली तर वापरू नकोस, सरळ स्टीलची परात घे.

आता वेळ. आठला वाढायचं आहे ना? पहिला भात पावणेपाचला गॅसवर, दुसरा पावणेसहाला. मिसळून, वारा घालून पहिला साडेपाचच्या पुढे तयार होईल. अंगाच्या उबेइतका राहिला की वळायला घे. तोवर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं झाकून ठेव. एका रोलला तीन मिनिटं धरली तर तीस रोलला दीड तास. सव्वासात-साडेसातला तुझं वळून झालं पाहिजे. भात मिसळल्यापासून ताटात जाईपर्यंत तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाहुणे उशिरा आले तर तिथल्या माणसांना आधीच सांग. उरलेला भात सकाळी परतून खाऊ असंही नाही, टाकून द्यायचा. तुला ते जिवावर येतं, मला माहीत आहे.

वळण्याचं तुला काय सांगायचं. तरी दोन-तीन गोष्टी. नोरीची गुळगुळीत बाजू खाली चटईवर, खरखरीत बाजूवर भात. पलीकडच्या कडेला दीड-दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोड, नाहीतर कड चिकटत नाही. हाताला पाणी आणि थोडं व्हिनेगर लाव, पण टाळी वाजवून झटकून टाक, ओल्या हातानं नोरी चामडं होते. भात दाबून लिंपू नकोस, दाण्यांमध्ये हवा राहू दे. आणि दाब कसा द्यायचा म्हणशील तर अळूवडीचा उंडा वळतो तसा: पहिला वळसा घट्ट, पुढे नुसता धरून न्यायचा. सुरी दर कापाला ओल्या फडक्यानं पूस आणि दाबण्यापेक्षा ओढून काप. आधी मधोमध, मग प्रत्येक अर्ध्याचे चार. रोल अख्खेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून सिडकोला ने आणि तिथं काप, कापलेल्या तोंडाला भात लगेच वाळतो.

नोरीचं पाकीट उघडलं की उरलेली पानं सिलिकाच्या पुडीसकट हवाबंद डब्यात. मऊ पडलीच तर आचेवरून एकदा फिरव. या नोरीबद्दल एक सांगायचं राहून जातं नेहमी. हे शेवाळ जपानात शेकडो वर्षं खातात, पण त्याचं बी कुठून येतं हे कोणालाच माहीत नव्हतं, पीक आलं तर आलं. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर या बाईंनी शोधून काढलं की त्याची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात वाढते. त्यानंतर नोरीची नीट शेती सुरू झाली. कुमामोतोमधल्या उतो गावात त्यांचं स्मारक आहे आणि १४ एप्रिलला तिथं दरवर्षी त्यांची आठवण काढतात. गिऱ्हाइकांना सांगायला बरं आहे.

सारणात काकडीचा बियांचा गर काढ, मीठ लावून पुसून घे. गाजराला एक मिनिट उकळतं पाणी. आता केशर आंबा आलाय, तो अर्धवट पिकलेला घे, पूर्ण पिकलेला पाणी सोडतो. मेयोनीज बिनअंड्याचं. सगळं सारण बर्फाच्या पेटीत, भात सोडून. सोया सॉस दाट काळा नको, पातळ जपानी पद्धतीचा बघ. वासाबी म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंगच असतो, तेव्हा त्यावर फार पैसे घालवू नकोस.

काठवटीबरोबर पीएचच्या पट्ट्याही पाठवते. चमचाभर भात त्याच्या दुप्पट शुद्ध पाण्यात कुस्करून पट्टी बुडव, ४.६ च्या खाली रंग आला पाहिजे. दोन्ही भातांचा वेगवेगळा बघ. पट्टीचा फोटो मला पाठव. नको पाठवू हवं तर, पण बघ. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या, नोंदणीचं काय झालं तेही कळव, ऑर्डरी वाढायच्या आत ते होऊ दे.

नोकरी सोडलीस तेव्हा मी जे बोलले त्याबद्दल आता काही लिहीत नाही. तुझ्या हातात कला आहे, ते मी तेव्हाही म्हणत होते, पप्पांना विचार. फक्त तीस माणसं तुझ्या हातचं खाणार, त्यांत लेकरं असतील, कोणी म्हातारी माणसं असतील, आणि दुपारभर पडलेल्या भाताचं कोणालाच काही दिसत नाही.

रात्री नीट जेवत जा. बर्फ शनिवारी दुपारीच आणून ठेव, संध्याकाळी मिळत नाही.

तुझी,
आई

ता. क. पप्पा विचारतायत, लाइट गेली तर तुझ्या इन्व्हर्टरवर फ्रीज चालतो का. छोट्या इन्व्हर्टरवर नसतो चालत, असं मी सांगितलं, पण त्यांना पटत नाही. तू बघून त्यांनाच फोन कर.