यंदा घोडी कोण धरणार

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

यात्रेच्या पुस्तिकेसाठी आपल्या शर्यतीच्या बैलगाड्याची माहिती मागितलीस, ती लिहायला बसले आहे. फोन ठेवता ठेवता ‘यंदा घोडी मी धरणार’ म्हणालास, त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

गाडा तुझ्या आजोबांचा. तेव्हा मंडळ नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं. खंडोबाचा नवस असायचा नि जिंकलं तर फेटा. तो फेटा अजून ट्रंकेत आहे. ट्रॅक्टर नि बुलेटच्या बक्षिसांचे फोटो छापालच, त्यात त्याचाही घाला. परगावच्या माणसाला कळावं म्हणून हेही लिही: सातारा-सांगलीकडे दोन बैल नि छकड्यावर हाकणारा असतो, आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, चार बैल आणि गाड्यावर कोणी नाही. पुढं घोडी पळते, तिच्यावरचा स्वार म्हणजे घोडी धरणारा, नि तिच्यामागं बैल. निशाण पडलं की दहा-पंधरा सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते. तेवढ्यात घोडी ठेचकाळली तर स्वारानं सावरायचं कधी? मागून चार बैल येत असतात, बंडू.

हे लिहायचं नव्हतं. पुढचं सांगते.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी घातली. २०१७ ला सरकारनं शर्यती पुन्हा भरवता याव्यात म्हणून कायदा केला, तो हायकोर्टात अडकला. लोकांनी बैल विकले. दादांनीही सर्जाला चाकणच्या बाजारात नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. म्हणाले, गिऱ्हाइकाची नजर बरी वाटली नाही. पुढं पेंडीला पैसे कुठून आले ते ताईला विचार, पुस्तिकेत नको. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा गावात गुलाल उधळला आणि दादा गोठ्यात जाऊन बसले, जेवायला उठेनात. मग १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी कायदा कायम केला.

नियम मोठ्या अक्षरांत छाप. काठी नाही, बॅटरीचा शॉक नाही, आधी डॉक्टरची तपासणी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. बैलांना जपायला एवढं सगळं. तुला कोण जपणार?

खोगिराचा पट्टा स्वतः आवळ. दुसऱ्यानं आवळलेल्यावर बसू नकोस. हेल्मेट घाल, लाज वाटली तर वरून फेटा बांध. आदल्या रात्री जागरण नको, आणि त्या पोरांबरोबर तर मुळीच नको, तुला माहीत आहे कुठल्या.

झालं माझं सुरू. रागावू नकोस. लहानपणी चंद्रीच्या मानेला मिठी मारून तिच्यावरच झोपायचास, उतरवलं की रडायचास. तुझी मांड आजोबांसारखी आहे असं दादा म्हणतात. मला नाही, चावडीवर सगळ्यांना सांगतात. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मग मामा अंगणातून पाय ओढत जाताना दिसतो.

एक मात्र कर. भोंग्यावर गाडामालकांची नावं पुकारतात, घोडी धरणाऱ्यांची कोणी ध्यानात ठेवत नाही. त्यांची यादी घाल, जुन्यांपासून. मामाचं नाव घाल, पण पायाचं काही लिहू नकोस, तो चिडेल. यंदाचं नाव दादांना विचारून छाप. मला विचारू नकोस.

तुझी आई