प्रत्येक कयाकमध्ये एक हातवल्हे बांधलेले हवे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेली सहा वर्षे मी कर्लीच्या खाडीत कयाकमधून, म्हणजे एक-दोन माणसांच्या अरुंद, हलक्या होडीतून, गरवतो (गरीने मासे पकडतो) आहे. सुट्ट्या लागल्या की देवबाग-तारकर्लीला कयाक भाड्याने घेणारे येतात आणि त्यातले काहीजण आता रॉड घेऊनच पाण्यात उतरतात. त्यांना, आणि कयाक भाड्याने देणाऱ्यांनाही, एक कळकळीची विनंती आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी अशीच एक कयाक भाड्याने घेतली होती. सोबत दोन्ही टोकांना पाते असलेले नेहमीचे लांब वल्हे मिळाले, पण ते बांधायला दोरी नव्हती. तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मुळांशी आमिष म्हणून जिवंत सुंगट (कोळंबी) सोडले आणि तांबोशी माशाने झडप घातली. तांबोशी गरीला लागली की उलटी मुळांतच शिरते, आणि तंगूस (गरीची दोरी) मुळाला घासला की संपलेच. मी दोन्ही हातांनी रॉड धरला. मांडीवर आडवे ठेवलेले वल्हे कधी घसरले, कळले नाही. बघितले तेव्हा ते वीसेक हात लांब गेले होते. ओहोटी लागली होती आणि पाणी संगमाकडे ओढत होते. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते. तिथे बिनवल्ह्याचे जाणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आमिषाच्या डब्याचे झाकण काढले आणि त्यानेच पाणी मारत कडेला आलो. एका होडीवाल्याने ओढून नेईपर्यंत तिवराचे मूळ धरून बसलो होतो. मुळांवरच्या कालवांनी तळहात फाटला.

त्या झाकणावरूनच सुचले. घरी आल्यावर सुताराकडून फणसाच्या फळीचे दीड फुटी, एका हाताने मारायचे वल्हे करून घेतले. तेच हे हातवल्हे. पाते वीतभर रुंद, मूठ हाताला बसेल अशी, आणि मुठीला भोक पाडून ओवलेली नायलॉनची दोरी. दोरीचे दुसरे टोक कयाकच्या कडीला बांधावे, मनगटाला कधीच नको. कयाक उलटली तर माणूस त्यात अडकतो. पाते भगवे रंगवले आहे, गढूळ पाण्यातही पटकन दिसते.

आता उजव्या हातात रॉड आणि डाव्या हातात हे. कयाकचे नाक वळवायला दोन-तीन हात मारले की पुरते. पाते कडेपासून जरा लांब बुडवून अंगाकडे ओढले की कयाक आडवी सरकते. मासा लागल्यावर तर याची खरी किंमत कळते: हलकी कयाक मासाच मुळांकडे ओढू लागतो, तेव्हा एका हाताने उलटे पाणी मारत मोकळ्यात यायचे. शिवाय लांब वल्हे फांद्यांवर आणि कयाकच्या कुशीवर आपटते, त्या आवाजाने काळुंद्रं मासे क्षणात पसार होतात. पाणी न वाजवता तिवरांत कसे फिरायचे हे बघायचे असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीने कांदळवन दाखवतात, तिथे जरूर जावे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. वारा सुटला किंवा उधाणाची ओहोटी जोरात असली तर हातवल्ह्याने परत येता येत नाही. त्यासाठी लांब वल्हेच लागते, आणि तेही बांधलेलेच हवे.

म्हणून भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक कयाकमध्ये दोन्ही वल्ही दोरीने बांधून द्यावीत, अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला सोडू नये आणि ओहोटी किती वाजता लागणार हे निघतानाच सांगावे. हातवल्ह्याला एक फळीचा तुकडा आणि सुताराचा अर्धा दिवस लागतो. माझ्या वल्ह्याचा पुठ्ठ्यावर कापलेला नमुना आहे. कुणी व्यावसायिक मागतील तर आनंदाने देईन, आणि खाडीत उतरून वापरूनही दाखवीन.

आपला,
एक गरवणारा वाचक, मालवण